दुर्बीण विकू नकोस, आधी घड्याळ लाव

अगं, तुझा रात्री दोनचा मेसेज वाचला. ‘जेम्स वेबसारखी अवकाश दुर्बीण असताना माझ्या आठ इंची दुर्बिणीचं कुणाला काय पडलंय’, म्हणून विकायला काढतेस? विकू नकोस. त्या मोठ्या दुर्बिणींच्या वेळेसाठी रांगा लागतात, हबलचा बाहेरच्या ग्रहांचा नेमाचा कार्यक्रम वर्षातून एकदा. मधल्या रात्री गुरूकडे कोण बघतं? गच्चीवरचे आपण.

2009 च्या जुलैत ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाला घरच्या साडेचौदा इंचीतून गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ काळा डाग दिसला. नवीनच आहे हे त्याला कशावरून कळलं? दोन रात्रींपूर्वी त्याने तोच भाग टिपला होता, तारीख-वेळेसकट, आणि तिथे काही नव्हतं. मग हवाईतल्या नासाच्या दुर्बिणीने बघितलं, खरंच काहीतरी आदळलं होतं.

म्हणून वेळ लिही, आणि युटीत, म्हणजे जागतिक वेळेत लिही, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून. गुरू 9 तास 55 मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, मिनिटाला साधारण 0.6 अंश, म्हणजे तुझ्या लॅपटॉपचं घड्याळ पाच मिनिटं मागे असेल तर गुरूवरचा ठिपका तीन अंश सरकला, आता विनजुपॉसमध्ये (फोटोवरून ग्रहावरच्या जागा मोजायचं सॉफ्टवेअर) मोजणाऱ्याने काय समजायचं, ठिपका वाहिला की तुझं घड्याळ? किती वेळा सांगू, वेळ नाही तर तो नुसता वॉलपेपर!

आणि स्टॅक झालं, म्हणजे व्हिडिओच्या फ्रेम एकत्र करून एक फोटो झाला, की मूळ व्हिडिओ उडवू नकोस. जून 2010 मध्ये वेस्ली आणि फिलिपीन्सच्या ख्रिस्तोफर गो, दोघांनी गुरूवरचा आदळण्याचा झगमगाट टिपला, जेमतेम दोन सेकंदांचा. हजारो फ्रेमच्या सरासरीत असलं काही उरत नाही. आधी व्हिडिओ डीटेक्टमधून फिरव (असे झगमगाट शोधणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे), मग काय ते डिलीट कर.

माझे मित्र लडाखमधल्या हानलेला, अंधाऱ्या आकाशाखाली जाऊन आकाशगंगेचे फोटो काढून आले, मी इथेच हॅलोजनच्या उजेडात गुरू धरून बसलो. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. घरचेही विचारतात काय मिळालं. पण ग्रहांना अंधारं आकाश लागत नाही, स्थिर हवा लागते, आणि माझ्या वह्यांत प्रत्येक नोंदीपुढे वेळ आहे. कुणाला कधी लागली तर वापरता येईल, मला तेवढं पुरतं. हट्टी म्हण हवं तर.

शनिवारी लॅपटॉप घेऊन ये. फोटो नंतर बघू, आधी घड्याळ इंटरनेटशी जुळवून देतो.