‘स्वतःला ओळख’ आणि ‘स्वतःला विसर’: सुफी कवींचं खरं म्हणणं काय?

तुम्ही विचारलंय की सुफी कवी एकीकडे ‘स्वतःला ओळख’ सांगतात आणि दुसरीकडे ‘प्रेमात स्वतःला विसरून जा’ म्हणतात, मग आत्मज्ञान मोठं की प्रेम? मी अभ्यासक नाही. मिरजेत वाढलो, फारसी येत नाही, उर्दू जेमतेम. पण या प्रश्नानं मलाही बरीच वर्षं छळलंय, म्हणून लिहितो.

घोटाळा ‘स्वतः’ या शब्दात आहे. सुफी मंडळी एक वचन वारंवार सांगतात : ज्यानं आपल्या नफ्सला, म्हणजे स्वतःला, ओळखलं, त्यानं आपल्या रबला, म्हणजे देवाला, ओळखलं. आणि हेच लोक नफ्सला मारा, नफ्सशी लढा असंही म्हणतात. अरबीत शब्द एकच, त्यामुळे भाषांतर वाचणारा गोंधळणारच. आपल्याकडे मात्र ‘मी’ आणि ‘मीपण’ असे दोन शब्द आयते आहेत. ओळखायचा तो मी. जायचं ते मीपण. एवढं धरून वाचलं की निम्मी गाठ सुटते.

रूमी या फारसी सुफी कवीच्या ‘मसनवी’ नावाच्या दीर्घकाव्यात एक छोटी गोष्ट आहे. एक जण मित्राच्या दारावर थाप मारतो. आतून विचारणा होते, कोण? हा म्हणतो, मी. उत्तर येतं, जा, इथं कच्च्याला जागा नाही. बिचारा वर्षभर विरहात भाजून निघतो, परत येतो. पुन्हा प्रश्न, कोण? या वेळी तो म्हणतो, तूच. दार उघडतं. आता बघा, त्या वर्षभरात त्याला काय शिकवलं? काहीच नाही. ना ग्रंथ, ना उपदेश. विरहानंच त्याला पिकवलं.

अत्तार या दुसऱ्या फारसी सुफी कवीनं हाच क्रम सरळ सांगून टाकलाय. त्याच्या पक्ष्यांच्या काव्यात सीमुर्ग नावाच्या राजाला शोधायला निघालेल्या पाखरांना सात दऱ्या ओलांडायच्या असतात. पहिली दरी शोधाची, दुसरी इश्काची, आणि ज्ञानाची, म्हणजे मारिफतची, तिसरी. ज्ञान प्रेमानंतर येतं! शेवटची दरी फकिरीची आणि फनाची, म्हणजे विरून जाण्याची. निघालेल्या थव्यातली तीसच पाखरं पोचतात आणि राजाच्या जागी त्यांना आपणच दिसतो. फारसीत ‘सी मुर्ग’ म्हणजे तीस पक्षी. मराठीत हा श्लेष उतरत नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

पण ‘मी विरलो’ म्हणजे नेमकं काय झालं, हे मला कवितेतून कळलं नव्हतं. कळलं ते तंबोऱ्याच्या दुकानात. मिरजेत सतार-तंबोरे करणाऱ्यांची गल्लीच आहे. लहानपणी मी तिथल्या एका चाचांच्या दुकानात तासन् तास बसायचो. तंबोऱ्याला चार तारा : पंचम (प), जोडीचे दोन षड्ज (सा) आणि खर्ज, म्हणजे खालचा सा. चाचा जवारी लावायचे, म्हणजे तारेचा नाद घुमावा म्हणून तारेखालचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे सरकवायचे. मग एकदम म्हणायचे, “ऐकला का गंधार?” मला वाटायचं थट्टा करतात, कारण गंधाराची, म्हणजे ‘ग’ या सुराची, तारच नाही! एकदा तसं म्हटलंही. ते म्हणाले, “बेटा, तो छेडायचा नसतो. बाकीच्या तारा जुळल्या की तो आपसूक येतो.” गवय्ये त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तंबोऱ्याचं कौतुक जुनी माणसं करायची ते याच सुरेलपणासाठी. खाँसाहेब 1937 साली गेले, मिरजेतल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलंय.

उपमा ताणू नये, तरी मला एवढं दिसलं : सुफींना जो ‘मी’ सापडतो तो छेडून काढलेला नसतो. ‘मी कोण, मी कोण’ म्हणत ओढाताण करत बसलं तर मीपणाचीच तार वाजत राहते. (समाजमाध्यमांवर रूमीच्या नावानं जी ‘स्वतःवर प्रेम करा’ छापाची वाक्यं फिरतात, त्यांनी नेमका हाच गोंधळ वाढवलाय. रूमी आजच्या तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात धर्मशास्त्र शिकवणारा मौलवी होता. त्याच्या ओळींमधून कुराण काढून घेतलं तर उरतं ते सुभाषित.)

मग विरल्यावर देव आणि भक्त असे दोन उरतात की एकच? यावर सुफींमध्येच भांडण आहे. ‘अनल हक’, मीच सत्य, म्हणणाऱ्या मन्सूर हल्लाज या सुफीला 922 साली बगदादमध्ये मारलं. रूमी त्याची बाजू घेताना म्हणतो, ‘मी देवाचा दास’ म्हणणाराच खरा गर्विष्ठ, कारण तो देवाबरोबर आपलंही अस्तित्व मांडतो. हिंदुस्तानातले सुफी शेख अहमद सरहिंदींना हे पटत नाही. त्यांच्या मते एकपणा फक्त अनुभवाला येतो, दास हा दासच राहतो. आपल्याला हा वाद परका नाही. ‘नको ब्रह्मज्ञान आत्मस्थितिभाव । मी भक्त तूं देव ऐसें करीं ॥’ म्हणणारे तुकोबा इथं सरहिंदींच्या शेजारी बसतील. आणि तेच तुकोबा ‘आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां’ म्हणतात तेव्हा मरणाआधी मरा म्हणणाऱ्या सुफींच्या पंगतीला जातात. मी स्वतः कुणाच्या बाजूचा? प्रेम करायला समोर कुणीतरी लागतं, म्हणून माझा कल दासाकडे.

मराठीतूनच सुरुवात करायची असेल तर श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ घ्या. सतराव्या शतकातली ओवी आहे, सावकाश वाचावी लागते, पण मीपणाशी चाललेली लढाई आपल्याच भाषेत भेटते.

आणि उरुसाला मिरजेत आलात तर दर्ग्यातल्या चिंचेखालच्या मैफलीत मागे कुठेतरी बसा. गवयाआधी तंबोऱ्याकडे कान द्या. गंधार लगेच ऐकू आला नाही तर वाईट वाटून घेऊ नका, मला दोन वर्षं लागली होती.