व्हिडिओ पाहून झाले, पुढे काय?

प्रश्न : मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवते. नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी आणि समाजकार्य या चार शाखांसाठी एक सामाईक ऑनलाइन अभ्यासक्रम उभा करायचं काम माझ्याकडे आलंय. ढीगभर व्हिडिओ, पीडीएफ, प्रश्नमंजूषा गोळा केल्या. मुलं बघतात, प्रमाणपत्र डाउनलोड करतात आणि मोकळी होतात. एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. आणखी कुठलं चांगलं साहित्य सुचवाल?

उत्तर : आणखी नको. आहे त्यातलंही निम्मं काढून टाका.

मुलांनी एकमेकांशी बोलावं तरी कशाला? सगळ्यांना तोच व्हिडिओ, तेच प्रश्न, तीच उत्तरं. दुसऱ्याला विचारावं असं काही उरतच नाही. ब्रिटनमध्ये 1987 साली स्थापन झालेली केप (CAIPE) नावाची संस्था वेगवेगळ्या व्यवसायांनी एकत्र शिकायच्या विषयालाच वाहिलेली आहे. तिची व्याख्या जगभर वापरतात : दोन किंवा अधिक व्यवसायांच्या लोकांनी एकमेकांबरोबर, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकायचं. तुमच्याकडे सध्या फक्त ‘बरोबर’ चाललंय, तेही एकाच लिंकवर असण्यापुरतं.

मी मेडिकल सोशल वर्कर म्हणून वॉर्डात काम केलं आणि नंतर शिकवण्याकडे वळले. वर्गासाठी रचलेली एक केस मी अजून वापरते. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या आजी, उद्या डिस्चार्ज. केसची चार पानं, आणि प्रत्येक शाखेला फक्त आपलं पान मिळतं. नर्सिंगच्या पानावर : आजी रात्री दोन-तीनदा लघवीला उठतात, बेल वाजवत नाहीत, ‘कशाला कुणाची झोपमोड’ म्हणतात. फिजिओच्या पानावर : दिवसा वॉकर घेऊन पॅसेजमध्ये उत्तम चालतात. फार्मसीच्या पानावर : बीपीच्या गोळीचा डोस परवाच वाढवलाय, झोपेची गोळी नव्याने सुरू केलीय. समाजकार्याच्या पानावर : घरी एकट्या, खोली आणि संडास यांच्यामध्ये दोन पायऱ्या, दिव्याचं बटण पलीकडच्या भिंतीला. सुटं सुटं वाचलं तर कुठलंच पान डिस्चार्ज अडवत नाही. चारही एकत्र आली की रात्री अंधारात चक्कर येऊन पायरीवर पडलेली बाई दिसायला लागते.

चौघांना एका ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे ऑनलाइन वर्गातल्या छोट्या गटाच्या वेगळ्या खोलीत, सोडा. प्रश्न एकच द्या : उद्या घरी पाठवायचं का, आणि पाठवायचं तर आज कोणी काय करायचं? पान स्क्रीनवर शेअर करायला सक्त मनाई, तोंडाने सांगायचं. शेअर केलं की सगळे मुकाट वाचत बसतात. बोलावं लागलं की मजा सुरू होते. फार्मसीचा मुलगा ‘पोस्चरल हायपोटेन्शन’ म्हणतो आणि समाजकार्याची मुलगी न कळताच मान डोलावते. तुम्ही त्या रूममध्ये असाल तर ती मान टिपा आणि तिथेच थांबवा : ‘तिला काय कळलं ते तिच्या शब्दांत सांगू दे.’ मग कुठे ‘उठून उभं राहिलं की बीपी एकदम खाली येतं’ हे बाहेर येतं, आणि ती लगेच विचारते, ‘म्हणजे रात्री उठल्यावर पण?’ माझ्या मते अख्ख्या अभ्यासक्रमाची कमाई या एका प्रश्नात आहे.

आता तुमच्या ढिगातलं काय ठेवायचं? जागतिक आरोग्य संघटनेचा अशा एकत्र शिकण्यावरचा 2010 चा आराखडा ठेवा, पण तो मुलांसाठी नाही, वरिष्ठांना पटवायला तुमच्यासाठी. त्याच संघटनेची रुग्णसुरक्षेवरची 2011 ची बहुव्यावसायिक मार्गदर्शिका मोफत मिळते, तिच्यातला संघात काम करण्याबद्दलचा चौथा विषय घ्या. समाजकार्याची बाजू तुम्हालाच भरावी लागेल. टीमस्टेप्स (TeamSTEPPS) या अमेरिकेतल्या संघकार्याच्या प्रशिक्षणातला एखादा छोटा व्हिडिओ आणि रुग्णाबद्दल निरोप देण्याची एसबारची (SBAR) चौकट (परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, शिफारस) सत्राच्या आदल्या दिवशी पाठवा. बास.

थोडी मोठी मुलं असतील तर मी त्यांना लॉर्ड लॅमिंग यांचा 2003 चा चौकशी अहवाल वाचायला लावते, तोही मोफत आहे. सगळा नको, जड आहे. व्हिक्टोरिया क्लिम्बिए ही आठ वर्षांची मुलगी फेब्रुवारी 2000 मध्ये लंडनमध्ये छळाने मेली. त्याआधी समाजसेवा विभाग, पोलीस आणि दोन रुग्णालयं यांच्या नजरेखालून ती गेली होती. पहिल्या रुग्णालयात एका डॉक्टरला मारहाणीचा संशय आला, वरिष्ठांनी मात्र अंगावरच्या खुणा खरजेच्या ठरवल्या, आणि ती दुसऱ्याच दिवशी परत त्याच घरी गेली. तेवढाच भाग द्या. संशयाचं निरोपात काय झालं ते मुलांना शोधू द्या.

आणि हो, वरिष्ठ ‘पुरावा काय?’ विचारतील. कोक्रेन ही संस्था एखाद्या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासते; अशा एकत्र शिकण्यावरच्या तिच्या 2013 च्या आढाव्यात 15 अभ्यास घेतले होते. काहींत फायदा दिसला, पण सरसकट निष्कर्ष काढण्याइतका भक्कम पुरावा नव्हता. हे लपवू नका, उलट आपल्या मोजमापाची तयारी आधीपासून ठेवा.

प्रश्न : मी फिजिओथेरपी शिकतो. आमच्या सामाईक ऑनलाइन सत्रात मेडिकलचीच मुलं बोलतात. आम्ही कॅमेरा बंद करून बसतो. नाहीतरी शेवटी डॉक्टर म्हणतील तेच होणार ना?

उत्तर : कॅमेरा बंद असलेल्या माणसाचं मत कोण विचारणार, बाबा? अर्धा दोष सत्र रचणाऱ्यांचा आहे, म्हणून सरांना सांगा की गटाचं सूत्रसंचालन दर वेळी वेगळ्या शाखेकडे द्या आणि मेडिकलच्या मुलांनी शेवटी बोलावं. उरलेला अर्धा तुमचा. ‘रुग्ण चालतो’ एवढंच सांगून थांबू नका. किती अंतर, कुणाच्या आधाराने, जिना चढतो का, दमल्यावर तोल कसा राहतो, हे तुम्ही पाहिलेलं असतं. ‘मला वाटतं’ने सुरुवात केलीत तर कुणीतरी मध्येच तोडणार. ‘आज सकाळी पाहिलं की जिन्याच्या चौथ्या पायरीवर गुडघा लचकला’ असं म्हणा आणि गप्प बसा. पुढचा प्रश्न तुम्हालाच येईल.