भाषा उत्तम येते म्हणून इमर्शनचा वर्ग जमेलच असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा दिसतोय: शाळेत पुढच्या सत्रापासून ड्युअल लँग्वेज प्रोग्राम सुरू होतोय, म्हणजे विषय दोन भाषांतून शिकवायचे (त्यात मुलांना नव्या भाषेतून विषय शिकवणारा वर्ग म्हणजे इमर्शन), शिक्षक निवडून झालेत, सगळ्यांना शिकवायची भाषा अस्खलित येते, आणि मॅनेजमेंटचं म्हणणं की दोन दिवसांचं वर्कशॉप घेतलं की झालं. ते पुरेल का आणि त्यात काय घ्यावं. मी बरीच वर्षं याच कामात आहे, आधी वर्गावर आणि आता शिक्षकांबरोबर, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगते.

दोन दिवस पुरणार नाहीत. पण दिवसांचा हिशोब नंतर करू, आधी अस्खलित बोलणाऱ्याची अडचण काय असते ते बघा. त्याला स्वतःची भाषा दिसतच नाही. तो गणित शिकवतो, विज्ञान शिकवतो, आणि भाषा काय मुलांच्या कानावर पडतेच आहे, येईल आपोआप, असं धरून चालतो. हे 'आपोआप' अर्धंच खरं आहे आणि ते कळायला कॅनडात बरीच वर्षं गेली. तिथे 1965 मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी पाठपुरावा करून बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवणारा वर्ग सुरू करून घेतला. पुढे अशा वर्गातली मुलं ऐकण्यात-वाचण्यात फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचली, विषयात मागे पडली नाहीत, इंग्रजीही बिघडलं नाही, सगळे खूश. पण बोलताना-लिहिताना त्याच त्याच चुका वर्षानुवर्षं तशाच, काळ चुकतोय, नामाचं लिंग चुकतंय.

मग भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गात बसून शिक्षक काय बोलतात ते मोजलं, तर शिक्षकांची 75 टक्क्यांहून जास्त क्रियापदं वर्तमानकाळी नाहीतर आज्ञार्थी निघाली, भूतकाळ जेमतेम 15 टक्के. इतिहाससुद्धा रंगवून वर्तमानकाळात सांगायची सवय असतेच ना आपल्याला! आणि ही मुलं मोठ्या माणसांनाही 'तु' म्हणायची, म्हणजे आपलं 'तू', कारण शिक्षक त्यांना 'तु' म्हणणार, आणि 'वू', म्हणजे आपलं 'तुम्ही', कानावर पडायचं ते बहुतेक अख्ख्या वर्गाला उद्देशून, म्हणजे अनेकवचन म्हणून, आदरार्थी म्हणून जवळजवळ नाहीच. मराठी माणसाला यातली गोम वेगळी समजवायला नको. तर मुद्दा हा की वर्गात जे बोललं जात नाही ते मुलांना येत नाही, आणि नुसतं ऐकूनही सगळं येत नाही, मुलांना ते स्वतः बोलायला-लिहायला लागलं पाहिजे.

म्हणून माझ्या मते ट्रेनिंगचा सगळ्यात मोठा भाग एकाच गोष्टीला द्या, प्रत्येक शिक्षकाला स्वतःच्याच पाठात भाषा शोधायला लावायची. थिअरीच्या स्लाइड्स नकोत, त्यांचा स्वतःचा पुढच्या महिन्यातला पाठ समोर ठेवा. समजा बाष्पीभवन आहे. विषयाचं उद्दिष्ट सगळे पटकन लिहितात, 'मुलं बाष्पीभवनाची कारणं सांगतील'. मग विचारा, कारण सांगताना मूल नेमकं कुठलं वाक्य बोलेल? इथे शांतता पसरते. मग हळूहळू निघतं की 'उन्हातल्या ताटलीतलं पाणी सावलीतल्यापेक्षा लवकर संपलं, कारण...' असं काहीतरी बोलावं लागेल, म्हणजे तुलना आली, भूतकाळ आला, कारण जोडणारा शब्द आला. बाष्पीभवन, उष्णता, वाफ हे शब्द तर पाठाला लागणारच, त्याशिवाय पाठच होत नाही. पण तुलनेची वाक्यरचना ही पाठाबरोबर फुकटात शिकवता येणारी गोष्ट आहे आणि नेमकी तीच सुटते. बहुतेक शिक्षक लँग्वेज ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे पाठाचं भाषेचं उद्दिष्ट, म्हणून सहा-सात शब्दांची यादी लिहून मोकळे होतात. यादी म्हणजे ऑब्जेक्टिव्ह नाही हे पहिल्याच दिवशी पक्कं करून टाका. प्रत्येकाकडून निदान तीन-चार पाठांवर हे करून घ्या, एकमेकांचे पाठ तपासायला लावा, दुसऱ्याच्या पाठातली भाषा आपल्याला जास्त चटकन दिसते.

दुसरी मोठी गोष्ट चुका दुरुस्त करण्याची. मूल चुकीचं बोललं की आपण सहज तेच वाक्य बरोबर करून म्हणतो आणि पुढे जातो, याला रिकास्ट म्हणतात. दिसायला छान, मुलाचा अपमान नाही, तासाचा ओघ तुटत नाही. पण लिस्टर आणि रांटा या संशोधकांनी 1997 मध्ये माँट्रियल भागातल्या प्राथमिक इमर्शन वर्गांचा अभ्यास छापला त्यात शिक्षकांच्या एकूण दुरुस्त्यांपैकी 55 टक्के रिकास्ट होत्या, आणि त्यातल्या फक्त 31 टक्क्यांना मुलांनी काहीतरी प्रतिसाद दिला. बाकी वेळा मुलाला वाटतं बाई आपलं ऐकून 'हो हो' म्हणतायत. याउलट शिक्षकाने वाक्य अर्धं सोडून किंवा 'काल काय झालं? परत सांग' असं विचारून मुलाकडूनच काढून घेतलं तेव्हा मुलांनी दर वेळी प्रतिसाद दिला, अगदी दर वेळी. म्हणून रिकास्ट बंदच करा असं नाही म्हणत मी. नवीन मूल आहे, ती रचना त्याने कधी ऐकलीच नाही, तर रिकास्टच बरी. पण जे शिकवून झालंय ते त्याच्या तोंडूनच यायला हवं. हे वाचून येत नाही हो, जोड्या करून प्रॅक्टिस करावी लागते, एकाने मुलासारखं चुकायचं, दुसऱ्याने न सांगता काढून घ्यायचं. सुरुवातीला सगळे हसतात, नंतर कळतं किती अवघड आहे ते.

अनोळखी भाषेतला तास, म्हणजे शिक्षकांनाच विद्यार्थी करून त्यांना न येणाऱ्या भाषेत पाठ घ्यायचा, हा प्रकार बहुतेक ट्रेनर घेतात, तुम्हीही घ्याच, पण एक करा, तोच पाठ दोनदा घ्या. आधी नुसतं बोलून, मग चित्रं, वस्तू, हावभाव, फळ्यावर वाक्याचा सांगाडा, शेजाऱ्याशी बोलायला वेळ, हे सगळं वापरून. एकदाच घेतला तर 'अरेरे, बिचारी मुलं' एवढंच घेऊन लोक घरी जातात, दोनदा घेतला की नेमकं कशाने समजलं ते त्यांनाच सांगता येतं.

वाचन शिकवणाऱ्यांसाठी वेगळा वेळ ठेवा. अमेरिकेत स्पॅनिशच्या वर्गांत हे फार दिसतं की इंग्रजीचं फोनिक्सचं, म्हणजे अक्षर आणि आवाज जोडून वाचन शिकवायचं, मटेरियल उचलायचं आणि भाषांतर करून वापरायचं. स्पॅनिशला पाच स्वर, स्पेलिंग जवळजवळ उच्चाराबरहुकूम, तिथे अक्षरगटांनी म्हणजे सिलॅबल्सनी वाचन शिकवणं सरळ पडतं, इंग्रजीसारखी अपवादांची कसरत लागत नाही. ज्या भाषेत शिकवायचंय तिची स्वतःची वाचन शिकवायची पद्धत शिक्षकाला यायला हवी. आणि दोन भाषा शेजारी ठेवून तुलना करायला मुद्दाम वेळ काढा, स्पॅनिशमधलं '-सिओन' इंग्रजीत '-शन' होतं हे मुलांना एकदा दिसलं की शेकडो शब्द फुकट मिळतात. भाषा कडक वेगळ्या ठेवायच्या की मिसळू द्यायच्या यावर वाद भरपूर आहेत, मी त्यात फार पडत नाही. लहान वर्गात शिक्षकाने आपली भाषा सोडू नये, मुलाला मात्र कुठल्याही भाषेत उत्तर देऊ द्यावं, आणि तुलनेसाठी ठरलेली वेळ असावी, एवढं मला पुरतं.

आता शिक्षकांच्या भाषेचं. घरी बोलून भाषा आलेला शिक्षक गप्पांत अस्खलित असतो, पण अपूर्णांक त्याच भाषेत समजवताना अडखळतो, कारण त्याचं स्वतःचं शिक्षण दुसऱ्या भाषेत झालेलं असतं. यात त्याचा दोष नाही. हवाईमध्ये हिलोच्या विद्यापीठातला काहुआवाइओला हा शिक्षक-प्रशिक्षण कोर्स हवाईयन भाषेतूनच चालतो, आणि वेल्समध्ये शिक्षकांना वेल्श सुधारायला शाळेतून सुट्टी देतात, बदली शिक्षकाचा खर्च सरकार उचलतं. तुमच्याकडे एवढं जमणार नाही, पण निदान ट्रेनिंगचा काही भाग तरी शिकवायच्या भाषेतच घ्या. हे मी प्रत्येक ठिकाणी सांगते आणि प्रत्येक ठिकाणी वर्कशॉप इंग्रजीतच होतं. आणि तयार केलेले शिक्षक टिकवा. कॅलिफोर्नियात 1998 च्या प्रॉपोझिशन 227 ने, म्हणजे लोकांच्या मतदानाने झालेल्या कायद्याने, द्विभाषिक वर्गांवर मोठी बंधनं आणली, तसे हे शिक्षक तयार करणारे कोर्सही आटले, 2016 मध्ये 73 टक्क्यांहून जास्त मतांनी ती बंधनं उठली तेव्हा वर्ग काढायला पालक तयार आणि शिक्षकच मिळेनात.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते. वरच्या इयत्तांत मुलं आपापसात प्रबळ भाषेकडे, म्हणजे त्यांना जास्त सवयीच्या भाषेकडे, घसरतात, शिस्त लावून थांबत नाही. टॅरोन आणि वर आलेल्या स्वेन या संशोधकांनी 1995 मध्ये याचं एक कारण असं मांडलं की वर्गात मिळते ती अभ्यासाची भाषा, भांडायची, चिडवायची, 'ए माझा नंबर होता'वाली भाषा त्यांना कोणी दिलेलीच नसते. शिक्षकांना सांगा, खेळाची आणि गटात काम करतानाची वाक्यंसुद्धा शिकवायची, भिंतीवर लावायची.

मॉडेल दोन शिक्षकांचं असेल, म्हणजे अमेरिकेतल्या यूटा राज्यासारखं, अर्धा दिवस एका भाषेच्या शिक्षकाकडे आणि अर्धा दुसऱ्याकडे, तर त्या दोघांना आठवड्याला एक ठरलेला तास एकत्र प्लॅनिंगला मिळायलाच हवा. टाइमटेबलमध्ये तो नसेल तर बाकी ट्रेनिंगचे पैसे वाया. नव्वद-दहा मॉडेल असेल, म्हणजे सुरुवातीच्या वर्गांत नव्वद टक्के वेळ नव्या भाषेत आणि दहा टक्के दुसऱ्या भाषेत, तर खालच्या वर्गाच्या शिक्षकांवर भाषेचा भार जास्त, त्यांच्यापासून सुरुवात करा. आणि मुख्याध्यापकांना बसवा हो ट्रेनिंगला! नाहीतर वर्ग बघायला येतात आणि गोंगाट का आहे म्हणून शेरा मारून जातात, मुलं बोलत होती म्हणून गोंगाट होता.

तर मॅनेजमेंटने खरंच दोनच दिवस दिले तर पहिला दिवस अख्खा पाठातल्या भाषेला, दुसऱ्या दिवशी सकाळी दोनदा घेतलेला तास आणि दुपारी चुकांची प्रॅक्टिस. इतिहास, संशोधन, मॉडेल्सची ओळख वगैरे वाचायला आधी पाठवून द्या. आणि त्याच मीटिंगमध्ये पुढच्या वर्षभराची मागणी करून ठेवा की दर पंधरा दिवसांनी कोणीतरी वर्गात येऊन बसेल, किंवा शिक्षक स्वतःच्या तासाची दहा मिनिटं रेकॉर्ड करतील आणि एकत्र बसून ऐकतील. ऐकताना एकच गोष्ट मोजायची, मूल किती बोललं आणि कुठल्या वाक्यात. तुमचं मॉडेल कुठलं आणि कुठल्या इयत्तेपासून सुरू करताय ते लिहा, त्याप्रमाणे पहिल्या दिवसाचा पाठ कुठला घ्यावा ते सांगते.