रात्रीची झोप हवी असेल तर सकाळपासून सुरुवात करा

वडिलांच्या ऑपरेशनला पाच दिवस झाले, रात्रभर टक्क जागे असतात, दिवसा पेंगतात, संध्याकाळ झाली की भलतंच बोलतात आणि नळ्या ओढतात. झोपेची गोळी मागू का, असं तुम्ही विचारलंय. वॉर्डात बरीच वर्षं रात्रपाळ्या केल्यात, म्हणून सांगते.

आधी एक. हे भलतंच बोलणं आजच्या आज डॉक्टरांच्या कानावर घाला. तो हट्ट नाही, डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उडणारा मेंदूचा गोंधळ, असू शकतो आणि त्यामागे इन्फेक्शन, वेदना, तुंबलेली लघवी असं काहीही निघू शकतं. वयस्कर माणसाचा गोंधळ काही झोपेच्या गोळ्यांनी आणखी वाढतो, त्यामुळे गोळीचा आग्रह तुम्ही धरू नका.

आता झोपेचं. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी मुख्यतः उजेड किती आहे हे मेंदूतल्या घड्याळाला कळवत असतात. निळसर उजेड त्यांना सगळ्यात जास्त जाणवतो. रात्री डोक्यावर पांढरी ट्यूब जळत असली की मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं हार्मोन, दबतं. पण लोकांच्या लक्षात येत नाही ते दिवसाचं. ढगाळ आभाळाखालीसुद्धा काही हजार लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो, खिडकीपासून लांबच्या खाटेवर जेमतेम शंभर-दोनशे. दिवस नीट उजाडत नाही, रात्र नीट होत नाही. घड्याळाने धरायचं तरी काय? म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की सकाळी पडदा उघडून त्यांना खिडकीशी खुर्चीत बसवा. चष्मा आणि कानाचं मशीन लावूनच. दुपारची डुलकी अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका.

आवाजाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने 1999 सालीच वॉर्डात रात्री सरासरी 30 डेसिबल आणि एखादा आवाज फार तर 40 पर्यंत, असं सुचवलं होतं. साधं बोलणंच 60 च्या आसपास जातं! एक आजोबा आठवतात. तीनला कुठे डोळा लागला, तोच सलाइनचा पंप ओरडला. सुई कोपराच्या खळगीत होती, हात दुमडला की नळी दबायची. अलार्म बंद करून वळते तोवर पुन्हा. चारला रक्त घ्यायला दिवा लागला आणि त्यांची रात्र संपली. दुसऱ्या दिवशी सुई मनगटाच्या वर घेतली, पंप गप्प झाला. तुमच्याकडेही नेमकं काय वाजतंय ते एक रात्र बघा.

सिस्टरना विचारा, बीपी, औषध, कूस बदलणं एकाच फेरीत होईल का? प्रकृती स्थिर असेल तर मधली तपासणी वगळायची का, हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही परस्पर नको म्हणू नका. इअरप्लग आणि डोळ्यांवरची पट्टी ते शुद्धीत असताना, त्यांना चालत असेल तरच. गोंधळलेल्या माणसाचे डोळे-कान बंद केले तर तो जास्त घाबरतो. तशा वेळी तुमचा हात हातात असू द्या आणि आपण कुठे आहोत, किती वाजलेत, हे हळू आवाजात सांगत राहा, दहा वेळा विचारलं तरी.

डॉक्टर काय म्हणाले ते उद्या नक्की लिहा.