चाळिशीनंतर दातांना तारा बसवल्या तर लोक स्वीकारतात का?

आपण लिहिले आहे की मुलीला तारा बसवण्यासाठी रत्नागिरीत दंतवैद्यांकडे नेले असता त्यांनी आपल्याही खालच्या दातांची गर्दी पाहून उपचार सुचवले, आणि आता ४१ व्या वर्षी तोंडात तारा घेऊन कचेरीत गेल्यास लोक हसतील की काय, याची आपल्याला धास्ती वाटते. माझा अनुभव असा की बाहेरचे लोक हसत नाहीत, घरातले बोलतात. ते जे बोलतात त्याचा आपल्या वयाशी फारसा संबंधही नसतो. दातांवरचा खर्च कशासाठी केला, एवढेच आपल्याकडे पाहिले जाते. मुलीच्या लग्नाआधी केला तर तो शहाणपणाचा आणि संसारी बाईने स्वतःसाठी केला तर ती थेरं, असा हिशेब आमच्या कोकणात अजून चालतो. त्याविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण तो मला ऐकून घ्यावा लागला आहे.

मी कुडाळ तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. माझा डावीकडचा वरचा सुळा लहानपणी जागा न मिळाल्याने हिरडीत उंचावर उगवला होता. १९८० च्या दशकात आमच्या भागातून दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे जायचे म्हणजे मुंबई, कोल्हापूर किंवा गोवा गाठावे लागे. उपचाराच्या पैशांपेक्षाही दर महिन्याचा एसटीचा प्रवास आणि वडिलांची बुडणारी मजुरी जड होती. आत्याने दातावर दात असणे भाग्याचे असते असे सांगून विषय मिटवला. तिचे तसे सांगणे हा त्या काळच्या गरिबीतला धीर होता, म्हणून मी तिला दोष देत नाही. मात्र त्या सुळ्याच्या मागे अन्न अडकत राहिले, तिथे ब्रश पोहोचत नव्हता, आणि चाळिशी उलटल्यावर तिथली हिरडी सुजून रक्त येऊ लागले, तेव्हा दंतवैद्यांनी मला स्वच्छ सांगितले की हा दात ओळीत आणला नाही तर शेजारचा दातही जाईल. मी तारा बसवल्या त्या या कारणासाठी.

आमच्याकडे गणपतीला सारे चाकरमानी गावी येतात. त्या वर्षी चतुर्थीच्या आधीच डॉक्टरांनी माझी तार बदलून जाड तार घातली होती, त्यामुळे पुढचे दात इतके हुळहुळत होते की काकडीची फोडही चावता येत नव्हती. शेवटच्या दाढेजवळ तारेचे टोक गालाला टोचून जखम झाली होती, त्यावर मी डॉक्टरांनी दिलेले पांढरे मेण चिकटवून ठेवले होते. माझे थोरले दीर सहकुटुंब मुंबईहून आले होते. त्यांच्या मुलीचे लग्न ठरत होते आणि तिला पारदर्शक अलाइनर लावले होते, म्हणजे दातांवर चढवायचे आणि जेवताना काढायचे साचे. पंगतीला बसताना तिने ते काढून कागदी रुमालात गुंडाळून पानाशेजारी ठेवले, आणि जेवणे झाल्यावर उष्ट्या पानांबरोबर तो रुमालही टोपलीत जाऊन गोठ्याकडे गेला. मग जी धावपळ झाली ती मी विसरणार नाही. भाऊजींनी स्वतः बाह्या सरसावून एकेक केळीचे पान उलगडून पाहिले, वरणभाताने माखलेला तो रुमाल शोधून काढला आणि साचे विहिरीच्या पाण्याने धुऊन लेकीच्या हातात दिले. त्या लेकीवर त्यांचा जीव होता आणि ते शोधणे योग्यच होते.

त्यानंतर थोड्याच वेळाने मी मागच्या पडवीत आरसा टांगून, तारांमध्ये अडकलेला मोदकातल्या नारळाचा चव बारीक ब्रशने काढत होते. ओल्या नारळाचा चव ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरून ठेवायला दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्याच्या, कडेला असा काही बसतो की नुसत्या चुळा भरून तो निघत नाही, आणि तसाच राहिला तर ब्रॅकेटभोवती दाताचे आवरण पांढरे पडून कीड धरते. हात धुऊन भाऊजी तिथे आले, माझ्याकडे पाहिले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘ह्या वयात दातांक तारो कित्याक? आता काय परत लगीन करूचा आसा?’’ माजघरात हशा झाला. माझे यजमान गप्प राहिले. बोलल्या त्या माझ्या सासूबाई, ज्यांचे पुढचे दात मिश्री आणि हिरड्यांच्या दुखण्याने पन्नाशीतच गेले होते. त्या म्हणाल्या, ‘‘दात तिचे, पगार पण तिचो.’’

भाऊजींनी पुढे असाही मुद्दा मांडला की एकदा हाड पक्के झाले की दात सरकत नाहीत, तेव्हा पैसे पाण्यात गेले. हे अनेक जण मानतात आणि ते चुकीचे आहे. दात हाडात रोवलेला नसतो, तो मुळाभोवतीच्या तंतूंच्या पातळ थराने हाडाशी बांधलेला असतो. तारेचा हलका, सततचा दाब आला की ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड पेशी विरघळवतात आणि ज्या बाजूला ताण पडतो तिथे नवे हाड घातले जाते. ही क्रिया माणूस जिवंत असेपर्यंत चालते. मोठ्यांमध्ये ती सुरुवातीला हळू चालते आणि हिरड्या आधी निरोगी कराव्या लागतात, पण बंद पडत नाही. जे वयाबरोबर खरोखर बंद होते ते जबड्याच्या वाढीला वळण देणे. खालचा जबडा पुढे आणणारी उपकरणे मूल वाढीला लागलेले असतानाच उपयोगी पडतात, आणि टाळू रुंद करायचा तर त्याच्या मधली शिवण पक्की होण्याआधी तो करणे सोपे असते. अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांची, संघटना वयाच्या सातव्या वर्षापर्यंत मुलाला एकदा दाखवावे असे सांगते ते याच कारणाने. मोठ्या माणसाचा जबडाच मागेपुढे असेल तर मात्र नुसत्या तारांनी भागत नाही, शस्त्रक्रिया लागते.

वयोगटांबद्दल आपण विचारले आहे, तर मला जे दिसते ते असे. शाळेतल्या मुलांनी तारा पूर्णपणे आपल्याशा केल्या आहेत. पूर्वी वर्गात एखाद्याच्या तोंडात तार दिसली की त्याला चिडवत. आज नववी-दहावीच्या मुली ब्रॅकेटवर कोणत्या रंगाची रबरे घालायची याची आपसात चर्चा करतात, आणि माझ्या तारा दिसल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ‘‘बाई, तुम्ही रंगीत रबरं का नाही घेतलीत?’’ असा होता. त्या प्रश्नाने मला फार बळ दिले. थायलंडमध्ये तर तारा श्रीमंतीची खूण ठरून मुले विनाकारण नकली तारा लावू लागली आणि अपाय होऊ लागल्यावर तेथील सरकारला त्यांवर बंदी घालावी लागली. विशी-तिशीतल्यांना उपचार हवा असतो, पण तो दिसायला नको असतो. ते अलाइनरकडे वळतात. चाळिशीच्या बायका बहुधा आपल्यासारख्याच मुलांच्या निमित्ताने खुर्चीपर्यंत पोहोचतात. साठीतले लोक येतात ते पडलेल्या दाढेच्या जागेत शेजारची दाढ कलली म्हणून, कारण ती उभी केल्याशिवाय तिथे नवा दात नीट बसवता येत नाही. त्या वयात कोणी नाव ठेवत नाही, कारण कवळीचाच एक प्रकार समजून लोक ते सोडून देतात.

हा बदल केवळ मने मोठी झाल्याने घडलेला नाही, वस्तूही बदलल्या. एके काळी प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी गुंडाळावी लागे आणि हसल्यावर दातांपेक्षा धातूच जास्त दिसे. १९५५ मध्ये अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी दाताचे आवरण आम्लाने किंचित खरबरीत केल्यास त्यावर राळ घट्ट चिकटते हे दाखवले, आणि त्यातून पुढे दोन दशकांत छोटे ब्रॅकेट थेट दातावर चिकटवणे शक्य झाले. १९७० च्या दशकात निकेल-टायटॅनियमची तार आली. ती वाकवली तरी मूळ आकारात परत येते, त्यामुळे दाब हलका राहतो आणि वारंवार आवळावे लागत नाही. त्याच सुमारास जपानमध्ये आणि अमेरिकेत दातांच्या मागच्या बाजूने तारा बसवण्याची पद्धत निघाली, १९८० च्या दशकात दातांच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट आले आणि १९९७ मध्ये स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने ‘इन्व्हिसलाइन’ हे पारदर्शक अलाइनर बाजारात आणले. मोठ्या वयाच्या माणसांना याच शेवटच्या दोन-तीन गोष्टींनी ओढले. मला मात्र असे वाटते की लपवता येणारे साधन लोकप्रिय होणे म्हणजे उपचाराला मान्यता मिळणे नव्हे. मी मुद्दाम साध्या धातूच्या तारा निवडल्या, त्या स्वस्त होत्या म्हणूनही आणि मला काही लपवायचे नव्हते म्हणूनही.

जे लोक याला नटण्यामुरडण्याचा प्रकार म्हणतात त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. या शास्त्राचा पाया घालणाऱ्या एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या चुकीच्या मिटणीचे जे वर्गीकरण केले आणि जे आजही जगभर वापरले जाते, ते सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ समोरच्या दाढेवर कशी बसते यावर उभे आहे. दाढ ही चावण्यासाठी असते आणि चावणे बाईलाही आयुष्यभर लागते. खालच्या पुढच्या दातांची गर्दी तर वयाबरोबर वाढतच जाते, ज्यांचे दात तरुणपणी सरळ होते त्यांचीही. तेव्हा आपल्या डॉक्टरांनी आपल्याला सुचवले त्यात वावगे काही नाही.

आता काही गोष्टी ज्या मी आधीच सांगायला हव्या होत्या. हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा दात हलत असतील तर आधी त्याचा इलाज, मग तारा; नाहीतर दात सरळ होता होता पडतील. तंबाखू किंवा मिश्री चालू असेल तर ती सोडल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. मधुमेह ताब्यात हवा. हाडे ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शने चालू असतील तर ते ऑर्थोडॉन्टिस्टांना पहिल्याच भेटीत सांगावे, कारण त्यांतील काही औषधांनी दातांचे सरकणे मंदावते आणि जबड्याच्या हाडालाही धोका संभवतो. मुळांची टोके थोडी झिजण्याची शक्यता प्रत्येक वयात असते, म्हणून आधी एक्स-रे काढलेला असावा. आंबापोळी, फणसपोळी, चिक्की, भाजलेले काजू आणि कुर्लीचे नांगे दातांनी फोडणे हे सर्व उपचार संपेपर्यंत बंद. आणि उपचार ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शास्त्रात, एमडीएस ही दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी घेतलेल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी असे डॉक्टर ठरलेल्या वारी बाहेरून येतात, तेव्हा मधल्या काळात तार निसटली तर कोण पाहणार हे आधी विचारून ठेवावे. रत्नागिरी जिल्ह्यात खेडला दंतवैद्यक महाविद्यालय आहे. सिंधुदुर्गातले आमचे लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी दंत महाविद्यालयात जातात.

तारा निघाल्यावर रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारा साचा, घालावा लागतो, आणि मोठ्या वयात तो रात्रीचा घालणे जवळजवळ कायमचे धरून चालावे, कारण दात जुन्या जागेकडे ओढ घेतात. माझा सुळा आज ओळीत आहे आणि तिथली हिरडी बरी आहे. माझ्या त्या पुतणीचे लग्न झाले, फोटो सुंदर आले, आणि त्यानंतर तिचा रिटेनर मोडला तो कोणी नवा करून दिला नाही. गेल्या वर्षी ती गणपतीला आली तेव्हा तिचे खालचे दोन दात पुन्हा एकमेकांवर चढलेले मी पाहिले. भाऊजींना मी तेव्हाच सर्वांसमोर विचारले की ज्या दातांसाठी तुम्ही उष्टी पाने उलगडलीत त्यांची काळजी आता कोणी घ्यायची. त्यांनी उत्तर दिले नाही. मी पुतणीला आमच्या डॉक्टरांचा वार सांगितला आणि नवा रिटेनर स्वतःच्या पैशांतून करून घ्यायला सांगितले, तसा तिने तो करून घेतला आहे. आपणही खर्चाचा आकडा विचारताना रिटेनर त्यात धरला आहे का आणि तो मोडल्यास पुढच्याचे किती, हे मुलीचे आणि आपले असे दोघींचेही वेगवेगळे विचारून, लिहून घ्या.