तिसऱ्या, म्हणजे वाळूतले शिंपले, काढायला पहिल्यांदाच चालला आहेस, म्हणून सांगते

आधी जागा बघ. तिसरी अन्नामागे धावत नाही. वाळूत रुतून ती एका नळीने पाणी आत ओढते, कल्ल्यांवर बारीक शैवाल आणि सेंद्रिय कण गाळून घेते आणि दुसऱ्या नळीने पाणी सोडते. म्हणजे पाण्यात जे असेल, ते तिच्या पोटात. गावाचं सांडपाणी खाडीला मिळतं तिथे ओहोटीला कितीही तिसऱ्या दिसल्या तरी हात लावू नकोस. पाणी एकाएकी लालसर किंवा हिरवट दाट झालं असेल तर त्या दिवशी रिकामी टोपली घेऊन घरी ये. काही शैवालांचं विष शिंपल्यांत साठतं आणि ते शिजवूनही जात नाही. यात मला कुणाचीही घाई चालत नाही.

घरी आणल्यावर गोड्या पाण्यात टाकू नकोस, त्या तोंड मिटून बसतात आणि वाळू आतच राहते. येताना कळशीभर स्वच्छ समुद्राचं पाणी आण. पसरट भांड्यात दोन-तीन तास ठेव, मधे एकदा पाणी बदल. हळूच वाकून बघ, इवल्या नळ्या बाहेर आलेल्या दिसतील. मी अजूनही ते बघत बसते.

उघडी तिसरी टिचकी मारूनही मिटली नाही तर मेलेली समज, फेकून दे. आणि नखाएवढ्या पिल्लांना तिथेच वाळूत सोड, त्यांना अजून वाढायचंय.