एकाला जास्तीची उष्णता मिळते, दुसऱ्याला का नाही?

प्रश्न: कोल्ड फ्यूजन, म्हणजे साध्या तापमानालाच अणुकेंद्रं जुळवून ऊर्जा मिळवायचा दावा, १९८९ मध्येच निकालात निघालं ना, मग एलईएनआर (कमी ऊर्जेच्या अणुकेंद्रीय अभिक्रिया) नावाने तेच प्रयोग अजून चालू आहेत आणि कुणालातरी 'जास्तीची उष्णता' मिळतेच, हे कसं काय?

उत्तर: खरी गोम उष्णता मोजण्यात आहे. फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्च १९८९ला थेट पत्रकार परिषदच घेतली, जड पाण्यात (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम हा जड हायड्रोजन असलेलं पाणी) पॅलेडियम धातूचा इलेक्ट्रोड घालून करंट सोडला की रासायनिक क्रियेतून निघणार नाही एवढी उष्णता निघते म्हणे. आता समजा सेलला ५ व्होल्ट, १ अँपियर दिलेत, म्हणजे ५ वॅट. त्यातले साधारण दीड वॅट पाणी फोडण्यात जातात आणि ते गॅससोबत बाहेर गेले असं धरून आपण साडेतीन वॅट उष्णतेची अपेक्षा ठेवतो, पण तोच ड्युटेरियम आणि ऑक्सिजन आतल्या आत थोडासा जरी परत जुळला तर मीटर ३.८ दाखवणार आणि आपण ०.३ वॅट सापडले म्हणून नाचणार! शिवाय पाणी नीट ढवळलं नाही तर थर्मामीटर कुठे लावलाय त्यावर आकडा बदलतो, कॅलटेकच्या नेथन लुईसनी नेमका यावरच बोट ठेवलं होतं. जॉर्जिया टेक या अमेरिकेतल्या विद्यापीठाने तर न्यूट्रॉन (फ्यूजन झाल्याची खूण असलेले कण) मिळाले म्हणून जाहीर केलं आणि काही दिवसांतच मागे घेतलं, डिटेक्टरच उष्णतेने बिघडत होता.

समर्थक म्हणतात पॅलेडियममध्ये ड्युटेरियम पुरेसा भरला नाही, पॅलेडियमच्या दर अणूमागे ड्युटेरियमचे ०.९ अणू, त्याच्या आसपास लागतो, म्हणून तुम्हाला काही दिसलं नाही. मुद्दा अगदीच फालतू नाहीये, तेवढं भरणं खरंच जिकिरीचं असतं. पण दर वेळी न जमलेल्या प्रयोगाला हेच कारण पुढे करायचं म्हटलं तर मग दावा चुकीचा ठरणार तरी कधी? गूगलच्या पैशाने शास्त्रज्ञांच्या एका गटाने काही वर्षं हेच सगळं नीट करून बघितलं, २०१९ला नेचर या विज्ञान नियतकालिकात आलं, कोल्ड फ्यूजनचा पुरावा काही मिळाला नाही.

त्याच गटातल्या बर्लिंगेट या शास्त्रज्ञाच्या, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या टीमने २०२५ मध्ये मात्र उष्णतेचा नाद सोडून थेट न्यूट्रॉन मोजले. पॅलेडियमवर एका बाजूने ड्युटेरियमचा प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा गॅस) आदळवायचा आणि दुसऱ्या बाजूने विजेच्या सेलमधून आणखी ड्युटेरियम भरत राहायचं. नुसत्या प्लाझ्मापेक्षा फ्यूजनचा वेग सरासरी १५ टक्के वाढला! फ्यूजनमधून जेवढी ऊर्जा मिळाली त्यापेक्षा कैक पट जास्त वीज मात्र खर्च झाली, आणि प्लाझ्मा वापरलाय म्हणजे हे १९८९चं बरणीतलं कोल्ड फ्यूजन नव्हेच.